हळू वाजवण्यासाठी माईक

माईक नावाच्या वस्तूशी माझी पहिली ओळख झाली ती बँकेत. ऐंशीच्या दशकात मी ज्या शाखेत रुजू झालो, तिथे कॅशियरच्या पिंजऱ्यात मान वाकवता येणारा एक माईक होता. पितळी टोकनांचे नंबर त्यातून पुकारायचे. कॅशियर कोकणातला असो की विदर्भातला, सकाळी घरी भांडून आलेला असो की मुलगी झाल्याचे पेढे घेऊन आलेला, बाहेर आवाज एकच यायचा. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा! आवाजातला माणूस तो माईक आतच ठेवून घेई आणि बाहेर फक्त आकडा सोडी. आम्ही त्याला हसायचो.

असल्याच, आकडे पुकारण्याच्या लायकीच्या माईकमधून जगातलं एक विलक्षण आर्त संगीत जन्माला आलं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आणि कळलं तेही संगीताच्या ओढीने नव्हे, श्वासाच्या गरजेने.

मी गायक नाही की वादक नाही. अडतीस वर्षं खातेवह्या तपासल्या, चार-पाच कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच माझी कमाई. पण एक माउथ ऑर्गन माझ्यापाशी १९७५ पासून आहे. त्या वर्षी 'शोले' आला. ओट्यावर बसून माउथ ऑर्गन वाजवणारा जय पाहून माझ्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी घरी हट्ट धरला होता. (पडद्यावर अमिताभ असला तरी प्रत्यक्षात वाजवणारे भानू गुप्ता होते, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं.) मी सतरा वर्षांचा होतो. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, नुकतीच नोकरी लागली होती. त्याने पहिल्या पगारातून आईला साडी आणली आणि मला माउथ ऑर्गन. स्वतः त्याने तो कधी तोंडाला लावला नाही. फर्माईश मात्र त्याची ठरलेली असे. 'सोलवाँ साल'मध्ये देव आनंद लोकलच्या डब्यात गातो, ते १९५८ सालचं गाणं. त्यातला माउथ ऑर्गन तरुण राहुल देव बर्मन यांनी वाजवला आहे. दादाच्या लग्नात, माझ्या लग्नात, त्याच्या निवृत्तीच्या दिवशी, मी ते वाजवलं आहे. बरं नव्हे, पण मनापासून.

एप्रिल २०२१ मध्ये दादा आणि मी एकाच आठवड्यात आजारी पडलो. तो एका इस्पितळात, मी दुसऱ्या. अठरा दिवसांनी मी घरी आलो. दादा आला नाही. माझा ऑक्सिजन खाली-वर होत होता, म्हणून मला सांगायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं. मी घरी पोचलो तेव्हा त्याचे दिवसही होऊन गेले होते.

इस्पितळातून येताना तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र बरोबर आलं. अनेक घरांत ते अजून कपाटावर पडलेलं असेल. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. माझी पहिली गोळी कशीबशी चढे, दुसरी जागच्या जागी थरथरे, तिसरीने मला कधी ओळखच दाखवली नाही. कंटाळून एक दिवस मी दादाचा माउथ ऑर्गन काढला. हे वाद्य श्वास सोडतानाही वाजतं आणि ओढतानाही, म्हणजे व्यायाम दुहेरी. परदेशात फुप्फुसांच्या रुग्णांसाठी त्याचे वर्ग चालतात. माझ्या डॉक्टरांनी 'दम लागला की थांबायचं' या अटीवर परवानगी दिली. मी दादाचं गाणं सुरू केलं. पहिल्याच लांब सुराला श्वास मध्येच तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. मी तो बाजा डबीत ठेवून दिला, तो दोन वर्षं उघडला नाही.

बाजारातला बाजा

जून २०२३ मध्ये आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला गेलो. ती शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहते. तिथे जून महिन्यात, गावाच्या मध्यभागी मिलेनियम पार्कमध्ये, ब्लूज संगीताचा मोठा महोत्सव भरतो. १९८४ पासून चालू आहे, आणि प्रवेश फुकट. निवृत्त बँकवाल्याला आणखी काय हवं?

तिथल्या एका छोट्या मंचावर सत्तरीतला एक कृष्णवर्णीय वादक उभा होता. हातांची ओंजळ तोंडाशी धरलेली, ओंजळीतून खाली लोंबणारी वायर. मला वाटलं, गृहस्थ माईकमध्ये काही कुजबुजतोय. आणि ध्वनिक्षेपकातून जो आवाज आला तो माउथ ऑर्गनचा आहे, हे मला मान्यच होईना. जाड, खरखरीत, सनईसारखा भरदार, आणि मध्येच हुंदका अडकावा तसा दाटलेला. गंमत अशी, की त्या माणसाचे गाल फुगत नव्हते, मानेची शीर ताठ होत नव्हती. तो इतक्या सावकाश श्वास घेत होता, की दुपारच्या झोपेत असावा.

कार्यक्रम संपल्यावर मुलीने मला पुढे ढकललं. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडेही एक माउथ ऑर्गन आहे, पण दम पुरत नाही. ते हसले. म्हणाले, दम कशाला हवा? फुंकायचं नसतंच, नुसता श्वास घ्यायचा. बाकीचं काम याचं. आणि त्यांनी हातातली वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. मुठीएवढा, पुढून गोल, मागे निमुळता, रंग उडालेला जुना माईक. त्याला मान असती आणि तो काउंटरवर बसवला असता, तर मी 'त्रेचाळीस' म्हणून पुकारलं असतं.

याची कथा शिकागोचीच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी, आर्कान्सास, लुईझियाना या दक्षिणेकडच्या भागांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं कामासाठी उत्तरेकडच्या शहरांत आली. कापसाच्या शेतावरून पोलादाच्या भट्टीवर आणि कत्तलखान्यात. गिरणगावात जशी भजनं आणि तमाशे आले, तसे त्यांच्याबरोबर ब्लूज आले. खिशात मावणारा, स्वस्त, दहा भोकांचा जर्मन बाजाही आला. खेड्यातल्या अंगणात तो छान ऐकू येई. शहरात मात्र गिटारला वीज लागली, ड्रम आले, दारूच्या गुत्त्यांत कोलाहल. त्यात या चिमुकल्या वाद्याचा टिकाव लागेना.

मॅक्सवेल स्ट्रीटवर दर रविवारी मोठा बाजार भरे. जुने कपडे, भांडी, हत्यारं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर वादक. शेजारच्या दुकानातून किंवा घरातून वायर ओढून घ्यायची, तिला ॲम्प्लिफायर जोडायचा आणि वाजवायचं. या बाजारात लुईझियानातून आलेला एक पोरसवदा वादक वाजवत असे. नाव मेरियन वॉल्टर जेकब्स, जन्म १९३०. जग त्याला लिटल वॉल्टर म्हणून ओळखतं. त्याने बाजा आणि स्वस्तातला माईक एकाच ओंजळीत घट्ट धरला. असं करणारा तो एकटाच नव्हता. स्नूकी प्रायर या वादकानेही तो मान स्वतःकडे घेतलेला आहे. पण बाकीच्यांना फक्त आवाज मोठा करायचा होता. वॉल्टरला कळलं, की यातून आवाज नुसता मोठा होत नाही, तो निराळाच होतो. १२ मे १९५२ रोजी त्याने 'ज्यूक' ही नुसत्या वादनाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या विक्रीच्या यादीत ती आठ आठवडे पहिली होती. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

पुढचं आयुष्य सुखाचं नव्हतं. दारू आणि मारामाऱ्या. १९६८ मध्ये, रस्त्यावरच्या एका भांडणानंतर, सदतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या थडग्यावर १९९१ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. मॅक्सवेल स्ट्रीटचा तो मूळ बाजारही १९९४ मध्ये तिथून हलवण्यात आला.

माईक कसा निवडावा?

महोत्सवाहून आल्यावर मी या विषयाचा, आमच्या भाषेत सांगायचं तर, 'कर्जप्रकरणा'सारखा कसून अभ्यास केला.

ब्लूजवाल्यांच्या आवडीचे माईक त्यांच्यासाठी बनलेलेच नव्हते. ते हौशी बिनतारी संदेशवाल्यांसाठी, घोषणांसाठी, नियंत्रणकक्षांसाठी होते. तिथे माणसाचं बोलणं समजलं की काम झालं. म्हणून आवाजातले फार खालचे आणि फार वरचे भाग ते सोडून देतात. 'शुअर' कंपनीचा 'ग्रीन बुलेट' हा त्यांतला प्रसिद्ध. हिरव्या रंगामुळे आणि बंदुकीच्या गोळीसारख्या आकारामुळे हे नाव पडलं. त्याची '५२० डीएक्स' ही आवृत्ती साधारण १०० ते ५,००० हर्ट्झ एवढंच पकडते. याउलट त्याच कंपनीचा, १९६६ पासून गायकांच्या हातात दिसणारा 'एसएम ५८' हा माईक ५० ते १५,००० हर्ट्झ पकडतो. कागदावर दुसरा सरस. पण माउथ ऑर्गनचे वरचे सूर कानाला टोचतात. ते टोक बोथट झालं, की उरतो तो उबदार, जाड आवाज. एकाचा दोष, तो दुसऱ्याचा गुण. आयुष्यभर चुकांवर लाल पेन्सिल फिरवलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं!

दुसरा प्रसिद्ध माईक म्हणजे 'ॲस्टॅटिक जेटी-३०'. यात पूर्वी क्रिस्टल, म्हणजे स्फटिक, असे. काही स्फटिक दाबले की त्यांतून किंचित वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलं. माईकमध्ये वापरत तो 'रोशेल सॉल्ट' नावाच्या क्षाराचा स्फटिक. आवाज गोड, चावरा. पण हा क्षार पाण्यात विरघळतो, उष्णताही त्याला सोसत नाही.

हे मी आधी वाचलं असतं तर! शिकागोजवळच्या एका जुन्या बाजारात मला असाच एक क्रिस्टलचा माईक मिळाला. हौसेने घेतला, ठाण्याला आणला. तो जुलै महिना होता. आमच्याकडे जुलैत पापड मऊ होतात, आगपेटी ओली होते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. आठवडाभर माईक वाजला, मग आवाज बारीक झाला, आणि एका सकाळी बंदच पडला. सौभाग्यवतीने विचारलं, "त्याच्यात काय होतं?" म्हटलं, "एक प्रकारचं मीठ." ती म्हणाली, "मग बरणीत तांदूळ घालून ठेवायचा होता." सत्तर वर्षं जुन्या स्फटिकाचा यात काय दोष? घोडचूक माझी.

तेव्हा कुणाला हा नाद लागलाच, तर माझ्या पैशाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात राहत असाल, तर क्रिस्टलच्या वाटेला जाऊ नका. चुंबकावर चालणारा माईक घ्या. जुना घेणार असाल, तर बाहेरच्या नक्षीवर भाळू नका. आतलं यंत्र जिवंत आहे का, ते वाजवून पाहा. हाताच्या मापाचा घ्या. गोल जाळीचं मोठं डोकं असलेला माईक लहान हातांना झाकता येत नाही. त्यापेक्षा 'शुअर ५४५'सारखा सडपातळ बरा. आणि माईकवरच आवाज कमी-जास्त करण्याची कळ असेल तर उत्तम. तिचं कारण पुढे येईल.

पाचवी गोष्ट जोडणीची. गिटारच्या ॲम्प्लिफायरला 'हाय इम्पीडन्स'चा माईक लागतो. सभागृहातल्या मिक्सरला 'लो' लागतो. एका खिडकीवरची स्लिप दुसऱ्या खिडकीवर चालत नाही, तसं हे आहे. मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावला, की दोघांचं जमतं. नाहीतर आवाज मेल्यासारखा येतो आणि आपण उगाच माईकला नावं ठेवतो. ॲम्प्लिफायर शक्यतो व्हॉल्व्हचा, आणि लहान. जुन्या रेडिओत मागे जळणाऱ्या लालसर दिव्यांसारखे असत, तेच हे व्हॉल्व्ह. त्यांच्यावर थोडा जास्त भार आला, की आवाज एकदम फाटत नाही, कडेने जळलेल्या साखरेसारखा खरपूस होतो. घरात पाच वॉटचा पुष्कळ झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींचंही हेच मत आहे.

ओंजळीतलं पाणी

निवडीपेक्षा वापर महत्त्वाचा, हे मला सर्वांत उशिरा कळलं. माईक तोंडासमोर ठेवून वाजवला, तर कोणताही माईक सारखाच वाटतो. खरी करामत ओंजळीची. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत बाजा, मागे माईक, आणि दोन्ही तळव्यांनी चारही बाजूंनी झाकलेलं. फट राहिली, की आवाज लगेच पातळ होतो. सरावासाठी मी एक घरगुती युक्ती काढली. ओंजळीत पाणी घ्यायचं आणि ते कुठून गळतं ते पाहायचं. माझं करंगळीच्या मुळाशी गळे. तिथेच माझा सूरही गळत होता. ओंजळ घट्ट झाली, की आतल्या कोंडलेल्या हवेचा सगळा दाब माईकच्या पडद्यावर पडतो आणि तो दाटलेला, जाड सूर उमटतो. मात्र बाजा माईकला टेकता कामा नये, नाहीतर ठकठक ऐकू येते.

दुसरी अडचण शिट्टीची. गणपतीच्या मांडवात 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणताच कुईं आवाज होऊन सगळे कानांवर हात ठेवतात ना, तीच ही. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. ॲम्प्लिफायरसमोर उभं राहू नये, बाजूला राहावं. माईकवरची कळ असली, की थांबताना अंगठ्याने आवाज उतरवता येतो. गायकांचा माईक मुठीत पूर्ण झाकला, की शिट्टी लवकर येते, कारण मागचा आवाज टाळण्यासाठी ठेवलेल्या फटी आपणच बुजवतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख. सुरुवातीला मी जीव खाऊन फुंकत असे. आवाज बसका येई, बाजाच्या पितळी पट्ट्या घुसमटत, मला धाप लागे. मग त्या शिकागोच्या गृहस्थांचं बोलणं आठवलं. एक दिवस मुद्दाम, झोपलेल्या माणसाइतका सावकाश श्वास घेतला. ब्लूजमध्ये बहुतेक महत्त्वाचे सूर श्वास ओढतानाचे असतात. ओढताना जिभेचा आणि घशाचा आकार बदलला, की सूर खाली वाकतो, आपल्या मींडेसारखा. जोराने ओढला तर तो अडतो, हळू ओढला तर वाकतो. ओंजळ घट्ट होती, माईक चुंबकाचा होता, व्हॉल्व्ह तापलेले होते. आणि खोलीभर एक लांब सूर उभा राहिला. मीच दचकलो. माझ्या छातीत एवढा श्वास नव्हताच. पण तेवढा लागलाही नव्हता.

माझा आजवरचा समज असा, की माईक हा मोठ्याने बोलणाऱ्यांसाठी असतो. आपल्याकडे सभा पाहा, मिरवणुका पाहा. हातात माईक असूनही माणसं ओरडतात. वास्तविक माईक हळू बोलता यावं म्हणून आहे. ज्याचा आवाज गुत्त्यातल्या कोलाहलात बुडत होता, त्या माणसाला ओरडावं लागू नये, म्हणून. ज्याची फुप्फुसं दोन गोळ्यांपुढे जात नाहीत, त्याला लांब सूर घेता यावा, म्हणूनही.

यंदा एप्रिलमध्ये दादाच्या वर्षश्राद्धाला वहिनींकडे गेलो, तेव्हा ॲम्प्लिफायर बरोबर नेला. जेवणं झाल्यावर वहिनी आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी बाहेर, आवाज अगदी कमी ठेवून, दादाचं लोकलमधलं गाणं वाजवलं. ब्लूजच्या बाजावर ते पूर्ण बसत नाही, एक-दोन सूर वाकवूनच काढावे लागतात. पण तुटलं नाही. ओंजळीतला माईक सुरांबरोबर मधला श्वासही पकडतो. घेताना, सोडताना, सगळं ऐकू येतं. मला वाटायचं, हा त्याचा दोष.

वहिनी बाहेर आल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, गाणं नेहमीसारखंच. पण मधे मधे श्वास ऐकू येत होता ना, तो छान वाटला." आणि चहा टाकायला आत गेल्या.